गरीब रंग, दांडगा रंग

नांदूरघाटात गोधड्या शिवणाऱ्या बायका ढीगभर असतील, पण गोधडीपायी जेवण विसरणारी एकच, सुंदरबाई. बाकीच्या बायका दिवाळी जवळ आली की जुनी लुगडी काढतात, कुरकुरत टाके घालतात आणि एकदाची गोधडी झाली की सुटलो म्हणतात. सुंदरबाईला थंडीशी काही देणंघेणंच नव्हतं. वैशाखात, पत्र्याखाली जीव नकोसा होतो अशा उन्हातही तिच्या पडवीत गोधडी अंथरलेली असायची, कोपऱ्यांवर दगड ठेवून. घरात माणसं मोजकी आणि गोधड्यांची चळत मात्र छताला टेकायला आलेली. "पावण्यांना नुसतं जेवायला बोलवून भागणार न्हाई, आता झोपायलाच बोलवा," असं तिचे मालक विठ्ठलराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सुंदरबाई ऐकून न ऐकल्यासारखं करी. नवऱ्याचं सगळंच ऐकत बसलं तर बाईचं एक ठिगळ पुरं होत नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

तिचा सगळा जीव रंगात. टाके काय, हात बसला की कुणालाही येतात, असं ती म्हणे. रंग बसवणं हे खरं काम. तिच्या लेखी जगात रंग दोनच तऱ्हेचे, दांडगे आणि गरीब. कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, पोपटी, राणी, जांभळा हे सगळे दांडगे. करडा, मातकट, धुऊन धुऊन जीव गेलेला पांढरा, हे गरीब. एका दांडग्याच्या शेजारी दोन गरीब बसवायचे, हा तिचा कायदा. "दांडग्याला दांडगा भिडला की भांडण लागतंय," ती सांगे, "आन भांडणात माणसाला झोप लागत न्हाई." दोन पार्ट्यांच्या गावात उभा जन्म काढलेल्या बाईला एवढं कळायचंच.

सकाळची म्हैस, सुनेबरोबरच्या भाकऱ्या, अंगणातलं वाळवण हे सगळं ती मुकाट्यानं उरकायची. दुपारची जेवणं झाली, खरकटं निघालं की पदर खोचून म्हणायची, "सुरेखा, मी हाय पडवीत." याचा अर्थ सुनेला पाठ होता. आता चहाच्या वेळेपर्यंत घराला आग लागली तरी आत्यांना हाक मारायची नाही. आणि तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून जैनबबी यायची.

जैनबबीचे मालक चाँदभाई फळांचे व्यापारी. सीताफळाच्या दिवसांत त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. मुलगा अबरार याचं बाजारात शिलाईचं दुकान होतं, म्हणजे कापडाच्या कतरणींना तोटा नव्हता. दर आठवड्याला जैनबबी एक गाठोडं काखेत मारून आणायची आणि सुंदरबाई ते अशा अधीरपणानं सोडायची की जसा काही त्यात माहेरचा आहेर आहे. मग दोघी समोरासमोर बसत. एकीनं या कडेनं सुरुवात करायची, दुसरीनं त्या कडेनं, आणि टाके घालत घालत मधोमध भेटायचं. तिथं भाकरीचा एक कुटका ठेवून वरून ठिगळ शिवायचं, कारण गोधडी उपाशी ठेवू नये. कुटका एकदा सुंदरबाईच्या घरचा, एकदा जैनबबीच्या. विठ्ठलराव त्याला उंदरांची खानावळ म्हणत. पोरं लहान होती तेव्हापासूनचा हा दोघींचा परिपाठ होता आणि त्यात मरण-तोरण सोडलं तर खाडा नव्हता.

तीन-चार वर्षांमागं सुंदरबाईच्या नजरेवर धूर बसायला लागला. आधी तिला वाटलं चुलीचा असेल. पण गॅसवर स्वयंपाक केला तरी धूर हटेना. घरात ती काही बोलली नाही. बोललं की दवाखाना आला. तिनं फक्त जैनबबीला सांगितलं. "जैनब, मला रंग कळंना गेलेत गं. समदं मातीवानी दिसतंय."

"मंग मी कशाला हाय?" जैनबबी म्हणाली.

सुंदरबाईला इतकं बरं वाटलं की तिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "आता तुझेच डोळे आपल्या दोघींचे."

तेव्हापासून प्रत्येक तुकडा आधी जैनबबीच्या हातात जायचा. "ह्यो कोणता गं?" जैनबबी तो दोन बोटांत चोळायची आणि जराही न अडखळता सांगायची, "करडा." "ह्यो?" "मातकट हाय." "ह्यो तरी दांडगा हाय का?" "न्हाई, विटलाय." सुंदरबाई निर्धास्तपणे तुकडा बसवायची. शिवाय जैनबबी घरूनच सुया ओवून आणायची, उशीसारख्या गोळ्यात टोचून, पांढऱ्या दोऱ्याच्या एका बाजूला आणि काळ्याच्या दुसऱ्या. सुंदरबाई सुनेला दाखवायची, "बघ, माझ्याच वयाची हाय. नजर बघ कशी!" सुरेखा बिचारी मान डोलवायची.

या वर्षी जैनबबीच्या सुनेला, हीनाला, दिवस राहिले. दुसरं बाळंतपण, त्यामुळं ते सासरीच होणार होतं. दोघींनी बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. सुंदरबाईनं ठरवलं की यात एकच लाल तुकडा, बाकी सगळे गरीब रंग, म्हणजे लेकराला शांत झोप लागेल. तुकडे जैनबबीनं सांगितले आणि सुंदरबाईनं बसवले. दोन्ही कडांनी टाके मध्यापर्यंत येत होते, तेवढ्यात सुंदरबाईचं बिंग फुटलं. विजेचं मीटर बघायला आलेल्या पोराला तिनं भाचा समजून घरात घेतलं, चहा पाजला आणि बहिणीची तब्येत विचारली. पोरगा चहा पिऊन, मावशीला नमस्कार करून गेला. संध्याकाळी मुलगा बजरंग म्हणाला, "आये, आता बास," आणि तिला अंबाजोगाईला घेऊन गेला.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं नंतर करायचं ठरलं. पट्टी निघाली, काळा चष्मा लागला आणि थेंबांची बाटली घेऊन सुंदरबाई घरी आली. सासूला बरं वाटावं म्हणून सुरेखानं त्या दिवशी तिनं गेल्या तीन-चार वर्षांत शिवलेल्या साऱ्या गोधड्या तारेवर उन्हाला घातल्या होत्या. जीपमधून उतरताच सुंदरबाईनं चष्मा वर केला आणि जागीच थबकली.

तारेवर बाजार भरला होता. जांभळ्याला केशरी भिडलेला, केशरीला पोपटी, पोपटीच्या उरावर राणी. तिनं उजवा डोळा हातानं झाकला. डाव्या डोळ्याला सगळं ओळखीचं दिसलं, करडं, मातकट, सोशिक. डावा झाकून उजवा उघडला की पुन्हा बाजार. असं तिनं चार-पाचदा केलं. बजरंगला वाटलं डोळा दुखतोय.

"आवो," तिनं विठ्ठलरावांना हाक मारली, "ही कोणाची?"

"माझी. तूच केलीस की मला शेतातल्या आखाड्यावर न्यायला."

"ही जांभळी हाय!"

"हाय."

"आन मधी राणी!"

"ते बी हाय."

"मंग तुमी एवढी वर्सं कावून बोलला न्हाई?"

विठ्ठलराव डोकं खाजवत राहिले. "तू लई जीव लावून करत होतीस. मला कुठं ती नेसून वरातीत जायचंय? उलट बरंच हाय, मी आखाड्यावर हाय का न्हाई ते लोकांला सडकेवरून कळतंय."

सुरेखाला विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलं आत्या, आजकाल असंच चालतंय. सायलीच्या मैत्रिणींनी फोटो काढून नेले की." सायली म्हणजे नात, बीडला कॉलेजात शिकणारी. म्हणजे बीडपर्यंत शोभा झाली होती. सुंदरबाई मटकन पडवीत बसली. जिच्या रंगाच्या जाणकारीचं गावानं कौतुक करावं, तिनं सगळ्या दांडग्यांना एका ओळीत बसवलं होतं आणि तेही कायदा सांगत सांगत. तिला रडू येत होतं; पण डोळ्यांत पाणी आणू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून बाईला धड रडताही येईना.

मग तिला आठवलं की रंग सांगणारी कोण होती. एकेक तुकडा हातात घेऊन, चोळून, ठासून सांगायची. चुकून एखादा चुकला तर समजू शकतो, इथं एकही बरोबर नव्हता. म्हणजे जैनबनं तिला येड्यात काढलं होतं. आणि ऑपरेशन झाल्याचं साऱ्या गावाला कळलं, माणसं भेटून गेली, तरी जैनबबी आली नाही. अबरारच्या हाती फक्त पेरू आले. "चोराच्या मनात चांदणं," सुंदरबाई म्हणाली, "ती कशाला येतीया!" पेरूंना तिनं हात लावला नाही. विठ्ठलरावांनी खाल्ले.

दुपारी पडवीत बसावं तर समोरची जागा रिकामी. सुई धरावीशी वाटेना. राग होता तोवर ठीक होतं, पण रागाला दुपारभर पुरेल एवढं काम नसतं. तिला जैनबबीवाचून करमत नव्हतं, आणि हे कबूल करायला जीभ रेटत नव्हती. त्यातच निरोप आला की हीनाला मुलगी झाली, मेहेक नाव ठेवलं. आता जाणं भाग होतं. बाळंतिणीला बघायला न जाणं म्हणजे भांडण जगजाहीर करणं. सुंदरबाईनं डिंकाचे लाडू बांधले, बाळाला झबलं घेतलं, आणि जैनबला काय काय सुनवायचं त्याची वाटभर उजळणी करत ती निघाली.

दार उघडंच होतं. जैनबबी समोरच्या बाजेवर बसून किटलीतला चहा ओतत होती. सुंदरबाई उंबऱ्यात गप्प उभी राहिली. बोलायची सुरुवात आपण करायची नाही, असं ठरवून आली होती. जैनबबीनं मान वर केली, सरळ तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कोण? दूधवाला का?"

सुंदरबाईला आधी वाटलं टोमणा आहे. मग तिनं पाहिलं की जैनबबीनं एक बोट कपाच्या आत धरलंय. चहा बोटाला लागला तेव्हाच तिनं किटली उचलली. सुंदरबाई हळूच जवळ जाऊन बसली आणि आपल्या नव्या डोळ्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. दोन्ही बाहुल्यांवर ताकासारखी पांढुरकी साय होती.

"जैनब," ती म्हणाली, "मी सुंदर हाय."

जैनबबीनं कप खाली ठेवला. आतल्या खोलीतून हीनाचा आवाज आला, "मावशी, तुमाला ठाव न्हवतं? अम्मीला तर कवापासून दिसत न्हाई. सुया रोज मीच ओवून देते. आता तरी दवाखान्याचं सांगा तिला, आमचं ऐकतच न्हाई."

"तुझ्या सुनेनं सांगितलं ते खरं?" सुंदरबाईनं विचारलं. "मंग रंग कसे सांगत होतीस?"

"हातानं," जैनबबी पुटपुटली. "कापड मऊ लागलं की लई धुतलेलं. लई धुतलेलं म्हणजे विटलेलं. विटलं की करडं. आपल्या वक्ताला असंच व्हतं की."

तिचं चूक नव्हतं. सुती लुगड्यांच्या काळात हा हिशेब चोख होता. मऊपणा आला की रंग गेलाच. पण आता गाठोड्यात येतात ती सगळी आजकालची पॉलिस्टरची कापडं. घालून घालून मऊ होतात, फाटतात, तरी रंग सोडत नाहीत. बोटांना ही बातमी कुणी दिलीच नव्हती.

"मंग मला खरं कावून न्हाई सांगितलंस?"

जैनबबीनं पदराचं टोक पिळलं, पुन्हा सोडलं. "तू म्हणलीस, तुझेच डोळे दोघींचे. मला बी दिसत न्हाई म्हणले असते तर तू गोधडी गुंडाळून ठेवली असतीस. मंग दुपारी म्या कुठं जायाचं व्हतं?"

वाटभर घोटून आणलेलं सगळं सुंदरबाई विसरली. आपल्याला दुपार जैनबशिवाय जात नाही, तशी तिलाही आपल्याशिवाय जात नव्हती. ती चोरी करत होती ती याचसाठी. डॉक्टरांची ताकीद मोडायची पाळी आली तेव्हा ती घाईनं म्हणाली, "आंधळं दळतंय आन कुत्रं पीठ खातंय, तसं झालं बघ आपलं."

"कुत्रं कोण?"

"आमचे मालक. तेच पांघरत होते!"

दोघी इतक्या हसल्या की आत मेहेक दचकून रडायला लागली. हीनानं तिला आणून सुंदरबाईच्या मांडीवर ठेवलं आणि जैनबबीनं घरी आणून ठेवलेलं अर्धवट दुपटंही आणून दिलं. सुंदरबाईनं ते उलगडलं. करड्याच्या नावाखाली बसवलेला निळा, मातकटाच्या नावाखाली गुलाबी, आणि ज्याच्यासाठी एवढा बेत केला तो लाल तुकडा त्या गर्दीत सापडेनासा झालेला.

"कसं दिसतंय?" जैनबबीनं विचारलं. "आता तरी खरं सांग. उसवायाचं का?"

"सांगत न्हाई."

"कावून गं?"

"तू मला लई सांगितलंस, ते पुरं झालं. आता कुणी कुणाला सांगायचं न्हाई. डोळे करून ये, तुझं तू बघ. तवर मधला टाका पडणार न्हाई."

जैनबबीचा चेहरा उतरला. "मला भ्या वाटतंय. ते डोळ्यात सुई घालतेत म्हणे. आख्खा जन्म सुई धरली म्या, सुई काय करती ते मला इचार."

"माझ्या डोळ्याला तर काई झालं न्हाई. थेंब टाकतेत, मंग कळत बी न्हाई."

"तू वाघीण हायेस. मी न्हाई जायाची."

सुंदरबाईनं वाद घातला नाही. ती मेहेकला न्याहाळत बसली. लेकरू मूठ आवळून झोपेत ओठ हलवत होतं.

"नाक कुणावर गेलंय?" जैनबबीनं हळूच विचारलं. "हीना म्हणती माझ्यावर. चाँदभाई म्हणतेत त्यांच्यावर."

"ते बी सांगत न्हाई," सुंदरबाई म्हणाली, आणि लाडवांचा डबा ठेवून, दुपटं काखेत मारून घरी गेली.

आपण फार कठोर वागलो का, या विचारानं तिला चैन पडेना. जैनबनं हट्ट धरला तर? दुपटं तसंच राहील, दुपार तशीच ओस जाईल, आणि बाळ बाजारातल्या कार्टूनच्या ब्लँकेटमध्ये मोठं होईल. एकदा तर ती चप्पल घालून निघालीही होती. विठ्ठलरावांनी विचारलं, "कुठं?" तेव्हा "कुठं न्हाई," म्हणून परत फिरली. चाँदभाई मधे एकदा येऊन म्हणाले, "भाबी, तुमी ही काय आग लावून दिली? ती धड जेवंना. घडीघडी पोरीच्या नाकावरून बोट फिरवत बसती, पोरगी सारखी शिंकतीया." सुंदरबाईनं कान दिला, पण मागं हटली नाही.

अखेर एका सकाळी जैनबबी हीनाचा हात धरून पडवीत आली. बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "तुझा दुसरा डोळा कवा हाय?"

"पुढल्या सोमवारी."

"मला बी घेऊन चल. पर हात सोडू नगंस."

सोमवारी बजरंगच्या जीपमध्ये दोघी पाठच्या सीटवर बसल्या. दवाखान्यात बाकावर शेजारी शेजारी, दोघींच्याही डोळ्यांत थेंब, दोघींच्याही कपाळावर पट्टी चिकटवून खूण. जैनबबी ओठातल्या ओठात दुआ पुटपुटत होती आणि सुंदरबाई वैजनाथाला साकडं घालत होती, म्हणजे दोन्हीकडची सोय झाली. आधी जैनबबीला आत नेलं. हात दाराशी सुटला तो सुटलाच, पण बाहेर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "हात्तिच्या, एवढंच?"

घरी आल्यावर, पट्टी निघाल्यावर, सुंदरबाईच्या पडवीतच सगळी जमली. हीनानं मेहेकला जैनबबीच्या मांडीवर दिलं. जैनबबी बघत राहिली. किती वेळ बघत राहिली ते कुणी मोजलं नाही, सुरेखानं आणलेला चहा मात्र गार झाला. "नाक माझंच हाय," ती शेवटी म्हणाली आणि चाँदभाईंकडं अशा नजरेनं बघितलं की त्यांनी पुढं कधी दावा सांगितला नाही.

मग सुंदरबाईनं तिच्यापुढं दुपटं पसरलं. "या अल्ला!" जैनबबी एवढंच म्हणाली. तिनं ते सरळ केलं, उलट केलं, लांब धरलं. सुंदरबाईनं कात्री पुढं केली. उसवायचं झालं तर दोघींचं कितीतरी दुपारांचं काम वाया जाणार होतं, पण शब्द दिला होता. ठरवणारी जैनब होती.

"ठेव ती कात्री," जैनबबी म्हणाली. "भांडू दे रंगांला. पोरगीला बी कळू दे, कसल्या दोघींनी शिवलंय ते."

दोघी समोरासमोर बसल्या. जैनबबीनं आज सुई स्वतः ओवली. पाच-सहा वेळा दोरा हुकला, पण कुणाला हात लावू दिला नाही. टाका घालायला तिनं मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. समोर बसलेल्या सुंदरबाईकडं ती टक लावून बघायला लागली. पांढरे झालेले केस, गालांवरच्या सुरकुत्या, हनुवटीखाली लोंबणारी कातडी, सगळं एकेक करून बघितलं.

"सुंदर," ती म्हणाली, "तू अशी म्हातारी कवा झालीस गं?"

सुंदरबाईनं टाका ओढून घट्ट केला.

"तू बघत न्हवतीस, तवा."